कोंबडी परत पाठवलीस, बरं केलंस

ग्वेरू, ८ जुलै १९९६

शुपिकाई,

पत्र कामाचं आहे, म्हणून आधी काम सांगते.

आईच्या कपड्यांचं वाटप शनिवारी, ३१ ऑगस्टला करायचं ठरलं आहे. शाळांना सुट्टी असेल आणि माणसं जमतील. आई मामाच्या घरची लेक, तेव्हा गाठोडं सोडायचा मान मामाचा. पण शेजारी साहविरा बसल्याशिवाय तो गाठीला हात लावणार नाही, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना पुरलं, तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना शेवटची आंघोळ घातली, आणि आता तुमच्या घरात थोरली तूच. रक्ताचं नातं नसलेल्या घराने आमच्या मयताला यायचं, राबायचं, आम्हाला हसवायचं आणि तोंडावर खरं बोलायचं, हेच साहविराचं काम, असं आपल्या आजोबांनी ठरवून ठेवलं. तेव्हा तू येशीलच असं धरून चालते.

मुरांबिंडाहून सकाळच्या गाडीने निघालीस तर दुपारी गुटूच्या स्टँडवर पोचशील. पुढे गावापर्यंत आमचा झिवानाई घ्यायला येईल. बकरा कापणार आहोत. अंथरुणं पुरेशी आहेत, तरी एक ब्लँकेट आणलंस तर बरं.

जूनमध्ये दफनाच्या दिवशी जो प्रकार झाला, त्यावर आता दोन्ही बाजूंनी फार बोलायची गरज नाही असं मला वाटतं. आपल्याकडची जूनची थंडी होती, सगळे दमलेले होते. आपण दोघी आता पन्नाशीच्या बायका आहोत.

मी ठीक आहे. शाळा सुरू आहे.

मुचानेटा

(सवयीने खाली 'उपमुख्याध्यापिका' लिहिलं होतं. खोडलं आहे. तू हसली असतीस.)


ग्वेरू, २२ जुलै

शुपिकाई,

दोन आठवडे झाले. पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण तुझ्या शेजारच्या दुकानदाराने ते तुझ्या हातात दिल्याचं झिवानाईला कळलं आहे. माझ्या धाकट्या भावाला एवढं एकच काम नीट जमतं, बातम्या गोळा करणं.

इकडे माझ्यावर खटला भरला आहे. मामा म्हणतो, साहविराला अंगणातून हाकलणारी बाई त्याने साठ वर्षांत पाहिली नाही. आत्या तर रविवारी खास बस धरून ग्वेरूला आली. पाय धुवायच्या आधी सुरू झाली.

"तुला कुणी शिकवलं गं हे? साहविराच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं."

"मी राग धरला नाही, आत्या."

"मग काय धरलंस?"

मी चहा ठेवला.

मी तुला हाकललं नाही. मी म्हणाले, "माझ्या आईचा झगा काढ आणि घरी जा." साठ-सत्तर माणसांसमोर म्हणाले, हे खरं. आवाज चढवला नव्हता, हेही खरं आहे, पण ते कुणी लक्षात घेत नाही.

तुझं काम तू चोख केलंस, हे मी मान्य करते. आईचा निळा झगा, डोक्याला तिचाच रुमाल, उजव्या पायावर जोर देत चालायची तिची तऱ्हा. चुलीशी जाऊन भांड्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "हा रस्सा आहे का भांडं धुतलेलं पाणी? मी मेले म्हणून काहीही शिजवाल काय?" अख्खं अंगण हसलं. आत्या हसता हसता रडायला लागली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वडील गेले तेव्हाही तू असंच केलं होतंस, त्यांची काठी घेऊन कोंबड्या मोजत फिरली होतीस, आणि त्या हसण्यातच मला रडू फुटलं होतं. चारचौघांत मी आयुष्यात तेवढीच एकदा रडले आहे. तेव्हा या रीतीचा उपयोग मला ठाऊक नाही असं नाही.

मग तू माझ्याकडे वळलीस आणि आईच्या आवाजात हाक मारलीस. पुढचं तुला ठाऊक आहे.

मामाने दंड ठरवला आहे, एक कोंबडी. झिवानाईच्या हाती पाठवते आहे. अंडी देणारी आहे, मामाने स्वतः निवडली. ती घेतलीस की विषय मिटला असं समजू. तुम्ही तिकडच्या, बुहेराच्या बायका तोंडाने कुणाला हार जात नाही, तेव्हा झिवानाईला दोन शब्द ऐकवशील, ते ऐकव. पण ३१ ला ये.

मुचानेटा


ग्वेरू, ९ ऑगस्ट

शुपिकाई,

कोंबडी परत आली. मुरांबिंडा ते ग्वेरू, दोन बस बदलून, झिवानाईच्या काखेत. वाटेत तिने एक अंडं घातलं, ते त्याने चिव्हूच्या स्टँडवर एका बाईला देऊन टाकलं. आता ती माझ्या क्वार्टरच्या मागे फिरते आहे, आणि शिपाई मला रोज विचारतो की बाई, ही कापायची कधी.

तू झिवानाईला पोटभर जेवू घातलंस म्हणे. त्याच्या टकलावर हात फिरवून, इथे मका पेरायचा का, असं विचारलंस. आणि उठताना कोंबडी त्याच्या हातात दिलीस. बाकीचं त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. तो नक्कल करत होता, फारच वाईट करतो.

"तुझ्या बहिणीला सांग, कोंबडी बोलत नाही."

"पण शुपिकाईताई, दंड तिनेच पाठवलाय."

"पाठवलाय ना? आणि स्वतःचं तोंड कुठे ठेवलंय, कपाटात?"

"तुम्ही रागावलात का?"

"साहविरा रागावत नाही रे, माकडा. रागवायला मी काय तुमची नातेवाईक आहे? मी वाट बघतेय, एवढंच सांग."

आमच्या कुळाचं चिन्ह माकड, म्हणून तुला ते चालतं. दुसऱ्या कुणी त्याला माकड म्हटलं असतं तर दात हातात आले असते. तुझ्याकडून ऐकून मात्र त्याला बरं वाटलेलं दिसलं. घरी येईपर्यंत हसत होता.

मला बरं वाटलं नाही. कशाची वाट बघते आहेस? मी तारीख कळवली, बस कळवली, दंड पाठवला. माणसाने आणखी काय करायचं असतं? मला खरंच ठाऊक नाही, शुपी. हे टोमण्याने लिहीत नाही.

शाळेत न्योनीबाई आहेत, चौथीच्या वर्गाच्या. दर गुरुवारी माझ्यासाठी घरून मक्याच्या पिठाचा साड्झा आणि पालेभाजी झाकून आणतात. मी आभार मानते, भांडं घासून शुक्रवारी परत करते. जेवण मी जेवत नाही, शिपायाच्या कुत्र्याला देते. चव वाईट नसते. पण त्यांच्या समोर घास घेतला तर त्या विचारतील, "कशा आहात?" आणि त्यांना खरंच उत्तर हवं असेल, अशी त्या बाईची नजर आहे.

लोक अजून हात धरायला येतात. आपल्या रीतीप्रमाणे दारात बसतात, दोन्ही हातांत माझा हात घेतात, आणि सगळे एकच म्हणतात: "नशीबवान आहेस. शेवटच्या घडीला आईजवळ होतीस." मग मी हात काढून घेते आणि चहा ठेवायला जाते. गेल्या दोन महिन्यांत मी इतका चहा केला आहे की साखरेच्या दुकानदाराला वाटतं माझ्याकडे लग्न आहे.

मुख्याध्यापक म्हणाले, कान तपासून घ्या. कुणी मागून हाक मारली की मी वळत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं आहे. माझे कान चांगले आहेत. तीच तर अडचण आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार. आता तीनच आठवडे उरले.

मुचानेटा


गुटू, २४ ऑगस्ट

शुपी,

सुट्टी लागली, गावी आले आहे. आईच्या खोलीत बसून लिहिते आहे. बाहेर आत्या भुईमूग सोलते आहे आणि दर पाच मिनिटांनी विचारते, "काही हवं का गं?" मी दर पाच मिनिटांनी नाही म्हणते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नाही, तू विचारते आहेसच, कोंबडी परत पाठवून.

१३ जून, गुरुवार. दुपारचे चार वाजले असतील. आत्या पाणी आणायला गेली होती. आई आत या खाटेवर, आणि मी बाहेरच्या खोलीत सातवीचे गणिताचे पेपर तपासत होते. रजा घेतली होती, पण पेपर सोबत आणले होते. आजारी आईजवळ नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, ते मला कधी कळलं नाही. पाय चेपायचे, पाणी द्यायचं, हे संपलं की हात रिकामे होतात आणि मग ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे बघते. त्यापेक्षा पेपर बरे वाटले.

तिने हाक मारली. "मुचा. ए मुचा. इकडे ये गं."

मी म्हणाले, "आले, आई. एवढा एक पेपर संपू दे."

तो पेपर संपला. मग मी पुढचा घेतला. शुपी, हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही, पण मी मुद्दाम घेतला. मला त्या आवाजावरून कळलं होतं. तिला पाणी नको होतं. तिला मी हवी होते, आणि आत गेले तर ती काहीतरी बोलेल आणि मला उत्तर द्यावं लागेल, याची मला भीती वाटली. म्हाताऱ्या आईची भीती. मी दोन पेपर तपासले, मग तिसरा. तिने पुन्हा एकदा हाक मारली, हळू. त्यानंतर मारली नाही. मला वाटलं झोप लागली, आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

आत गेले तेव्हा ती दाराकडे तोंड करून होती. डोळे उघडे होते.

आत्या घागर घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं की आई झोपेत गेली, माझा हात हातात होता. का सांगितलं, ते ठाऊक नाही. तोंडातून आलं. मग ते आत्याने मामाला सांगितलं, मामाने गावाला. आता जो येतो तो माझा तोच हात धरतो, आणि म्हणतो, बरं झालं तू होतीस. ते प्रेमाने येतात, लांबून चालत येतात. आणि त्यांनी हात धरला की मला वाटतं, हे सगळं मी चोरून घेते आहे. ज्या मुलीचं सांत्वन करायला ते येतात ती मुलगी मी नाही. म्हणून कुणाचंच आत पोचत नाही. न्योनीबाईंची भाजीसुद्धा.

तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई आयुष्यभर मला तशीच हाक मारायची, तू लहानपणापासून ऐकलीस, म्हणून मारलीस. "मुचा. ए मुचा. इकडे ये गं. अशी पोलिसासारखी काय उभी? आई मेलीय तुझी, ये, माझ्यासाठी रड जरा." सगळे हसले. सगळे माझ्याकडे बघत होते, मी येते का म्हणून. मला हात पसरलेली तू दिसत नव्हतीस. मला ती खाट दिसत होती.

तू मला दार उघडून दिलं होतंस, आणि मी ते तुझ्या तोंडावर लावलं.

हे पत्र पोस्टात टाकेन की नाही, सांगता येत नाही.

मु.


गुटू, २ सप्टेंबर

शुपिकाई,

२४ तारखेला एक पत्र लिहिलं होतं. ते टाकलं नाही. माझ्या पर्समध्ये आहे.

तू आली नाहीस. मी शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होते, आणि कुणी विचारलं तर सांगत होते की बकऱ्याकडे बघते आहे.

सगळे आले होते. मामाने अंगणात चटई घातली, आईचं गाठोडं मधे ठेवलं. शेजारची जागा तुझी. मामा बसला, टोपी काढली, त्या जागेकडे बघितलं.

"साहविरा कुठे आहे?"

झिवानाईने माझ्याकडे बघितलं.

मामा म्हणाला, "मुचानेटा, तू तिला बोलावलंस ना?"

"तारीख कळवली होती, मामा."

"तारीख पोस्टमनसुद्धा कळवतो. बोलावलंस का?"

मग आत्या माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "पोरी, त्या दिवशी तुला काय टोचलं ते आता इथे सांगून टाक. सगळी आपलीच माणसं आहेत. आम्ही काय तुला खाणार आहोत?" तिचा हात माझ्या पाठीवर होता. खूप हलका. मी तोंड उघडलं, शुपी. खरंच उघडलं. सगळे वाट बघत होते. आणि मी म्हणाले, "चहा झालाय. घेऊन येते."

मामा उठला. त्याने गाठोडं उचललं, आईच्या खोलीत खुंटीला लावलं, आणि सांगितलं की साहविरा येऊन बसेपर्यंत ही गाठ सुटणार नाही. मावशीला आईची शाल हवी होती, ती तशीच परत गेली. लोकांनी जेवून घेतलं, कारण बकरा कापलेला होता. जाताना सगळ्यांनी मला फक्त नमस्कार केला. मी भांडी घासत बसले. आत्या जवळ आली आणि म्हणाली, "सरक, मी घासते." मी म्हणाले, "नको, मी करते." ती गेली.

तिला मी कितव्यांदा घालवलं, ते मोजता येणार नाही.

आता घरात मी आणि ते गाठोडं. मला त्याचा राग येत नाही. तुझाही येत नाही. कोंबडी परत पाठवलीस, बरं केलंस. तू ती ठेवून घेतली असतीस तर ३१ ला येऊन बसली असतीस, हसली असतीस, गाठ सुटली असती, आणि मी जन्मभर तोंड मिटून चहा करत राहिले असते.

शाळा दहा तारखेला उघडेल.

मुचानेटा


चिव्हू बस स्टँड, ७ सप्टेंबर, सकाळ

शुपी,

हे मांडीवर ठेवून लिहिते आहे, अक्षर वाकडं आहे.

मुरांबिंडाची पहिली गाडी समोर उभी आहे, पण भरली. मला दुसरीत जागा मिळाली आहे, ती तासाभराने सुटेल. हे पत्र आणि २४ तारखेचं, दोन्ही पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. तो म्हणाला, "शुपिकाईबाई? त्या मोठ्या आवाजाच्या? दारात नेऊन देतो." म्हणजे माझ्या आधी तासभर तू सगळं वाचलेलं असशील, आणि मला काही झाकता येणार नाही. स्वतःला मी ओळखते, म्हणून असं केलं.

ते पत्र वाच. मग माझी वाट बघ. मी आले की ते मला पुन्हा तोंडाने सांगायचं आहे, तुझ्या समोर बसून. "तुझी काही चूक नाही" असं म्हणू नकोस, तेवढं नको. थट्टा केलीस तर चालेल. मधेच मी चहाचं नाव काढलं तर मला उठू देऊ नकोस. आणि अगदीच शब्द फुटले नाहीत, तर माझ्या आवाजात तू सांग आणि मी ऐकेन. माझी नक्कल तू चौथीपासून करते आहेस.

त्यानंतर माझ्याबरोबर गुटूला चल. मामाच्या शेजारी बस. त्या माणसांना मला खरं सांगायचं आहे, आणि तेव्हा मला तू हवी आहेस. साहविराची रीत म्हणून नव्हे. मला एकटीला हे झेपत नाही, म्हणून.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. पहिल्या गाडीचा कंडक्टर हाका मारतो आहे, पत्र द्यायला हवं.

एक राहिलं. दुसरी गाडी आली आणि मी तिच्यातून उतरले नाही, असं होऊ शकतं. मी इथूनच मागे फिरण्याची शक्यता बरीच आहे, शुपी, आत्ताही पाय तेच म्हणताहेत. तसं झालं तर, मुचा नाही आली, असं म्हणून दार लावून घेऊ नकोस. मी फार लांब गेलेली नसेन. इथेच स्टँडवर, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर असेन. मला न्यायला ये.

मुचानेटा